‘रेड-आय’ सांगून सह्याद्रीतला बेडूक विकतात, जपून

टेरॅरियमसाठी, म्हणजे झाडं लावलेल्या काचपेटीसाठी, झाडावरचे बेडूक शोधत असाल आणि एखादी जाहिरात पाहून पैसे पाठवायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. ‘घरी पैदास केलेले रेड-आयड ट्री फ्रॉग’ (लाल डोळ्यांचे परदेशी बेडूक) म्हणून चक्क आपल्या घाटातून पकडलेले बेडूक विकले जात आहेत. मला अशी एक जोडी १८,००० रुपयांना विकली गेली.

माझी काचपेटी उभी आहे. मागच्या भिंतीवरून पाणी झिरपतं, तळाशी उथळ डोह, त्याच्या काठाने नेचे, ब्रोमेलियाड आणि मनी प्लांट. आधी बराच काळ त्यात फक्त झाडंच होती. ती नीट रुजल्यावर कोणता बेडूक इथे सुखाने राहील याचा शोध मी सुरू केला. व्हाइट्स ट्री फ्रॉग काटक असतो, पण अंगाने जड; नाजूक नेचे त्याच्या वजनाने मोडतात आणि सततची ओल त्याला मानवत नाही. रेड-आय अंगाने हलका, मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलातला. दिवसा रुंद पानाला चिकटून झोपतो, रात्री हिंडतो, अंडीसुद्धा पाण्यावर झुकलेल्या पानांवर घालतो. माझ्या पेटीला हाच योग्य होता.

विक्रेता स्वतःला मुंबईतला ब्रीडर म्हणवत होता. बोलणं गोड, प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर. मी व्हिडिओ मागितला, तर पानावर झोपलेल्या बेडकाचा व्हिडिओ आला. यातली लबाडी नीट समजून घ्या. रेड-आयची ओळख त्याच्या लाल डोळ्यांत आणि कुशीवरच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत असते. झोपताना तो डोळे मिटतो, पाय पोटाशी घेतो आणि या दोन्ही खुणा झाकल्या जातात. उरतो तो नुसता हिरवा बेडूक, आणि तसे हिरवे बेडूक आपल्याकडेही आहेत. म्हणून व्हिडिओ रात्रीचा मागा, जागा असलेल्या, चालणाऱ्या बेडकाचा.

कागदपत्रं म्हणून त्याने शिक्का मारलेलं एक ‘इम्पोर्ट सर्टिफिकेट’ पाठवलं. त्यावर प्रजातीच्या जागी फक्त ‘ट्री फ्रॉग’ लिहिलेलं होतं, शास्त्रीय नाव कुठेच नव्हतं. नोंदणीचं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ते पोपट-कासवांना लागतं, बेडकांना नाही.” हे साफ खोटं आहे. रेड-आय ज्या अगॅलिक्निस वंशात (जीनस) येतो, त्या वंशातले बेडूक २०१० पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर २०२४ चे नियम आले, आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी जवळ असतील तर त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. खरा ब्रीडर ही नोंद स्वतःहून दाखवतो.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने पहाटे पुण्यात आलं. मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओला टिश्यू, झाकणाला सुईने पाडलेली भोकं. डब्यावर चिकटवलेल्या पावतीवर गाडीत माल चढवल्याचं ठिकाण होतं सावंतवाडी. मुंबईच्या ब्रीडरचे बेडूक सावंतवाडीहून का यावेत? तिथून आंबोलीचा घाट किती जवळ आहे, ते मी सांगायला नको. दिवस पावसाळ्याचे होते. या दिवसांत नर पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर बसून साद घालतात. बॅटरी घेऊन जाणाऱ्याला ते आवाजावरून सहज सापडतात.

बेडकांचे डोळे लाल नव्हते, फिकट सोनेरी होते. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: “पिल्लं आहेत मॅडम, मोठी झाली की डोळे लाल होतील.” हे उत्तर फसवं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. रेड-आयच्या अगदी लहान पिल्लांचे डोळे पिवळसरच असतात. पण ती पिल्लं नखाएवढी असतात. माझ्याकडे आलेल्या बेडकांतला मोठा आठ सेंटिमीटरच्या आसपास होता; पूर्ण वाढलेली रेड-आयची मादीसुद्धा साधारण सात सेंटिमीटरची असते.

त्या रात्री मी मंद उजेडात त्याला जवळून पाहिलं. रेड-आयच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी असते. याची आडवी होती. मग तो काचेवर चढला आणि पुढच्या पायांची बोटं फाकली. प्रत्येक दोन बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदा, थेट टोकांपर्यंत ताणलेला. हाताच्या कडेने कातडीची झालर, टाचेवर छोटा त्रिकोणी पदर. बेडकांवर काम करणाऱ्या एका ताईंना फोटो पाठवले. त्यांनी लगेच कळवलं: मलबार ग्लायडिंग फ्रॉग. फक्त पश्चिम घाटात राहणारा, पडदे पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाणारा बेडूक, आणि त्याला कोणीतरी मिठाईच्या डब्यात घालून पाठवलं होतं.

दोघांनीही रातकिड्यांना तोंड लावलं नाही. रात्रभर काचेवर उड्या मारून मोठ्याचं नाक सोलवटलं. जंगलातून पकडलेल्या बेडकांमध्ये हे नेहमी दिसतं, कारण काच त्यांना कळतच नाही. धाकटा मेला. हे लिहिताना अजूनही संताप येतो.

उरलेल्याला आंबोलीत नेऊन सोडावं, असं मला फार वाटत होतं. ताईंनी ठामपणे नको सांगितलं. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीला लागते आणि जगभर तिने कित्येक प्रजाती संपवल्या आहेत. डब्यात, पेटीत इतर बेडकांमार्फत काही लागलं असेल तर ते आपण घाटात नेऊन सोडणार. शिवाय तो नेमका कुठला, हेही माहीत नसतं. तेव्हा स्वतः सोडू नका. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथे कळवून मी त्याला त्यांच्या ताब्यात दिलं.

विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. तेच फोटो आता दुसऱ्या नावाच्या खात्यावर फिरत आहेत. “डोह खोल करा, दिवसभर मस्त पोहतील,” हे वाक्य कोणी म्हणालं तर समजा, या माणसाने बेडूक कधी पाळलेलाच नाही. हे बेडूक निशाचर, चढणारे. खोल पाणी आणि गुळगुळीत काठ असेल तर बुडून मरतात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. चॅट पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक जपा. आणि पार्सल उघडण्याआधी डब्यावरच्या पावतीचा फोटो काढा. माल कुठून चढला, हे दाखवणारा माझ्याकडचा तो एकच पुरावा होता.