आरपीएफ की एमएसएफ? भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर

भाचा विचारत होता, मामा रेल्वेच्या आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दल) परीक्षा देत बसू की एमएसएफमध्ये (महाराष्ट्र सुरक्षा दल) लागून मेट्रो स्टेशनवर उभा राहू, म्हणून हे लिहितोय.

पगाराचं पटकन सांगतो. आरपीएफ कॉन्स्टेबलचा मूळ पगार २१,७०० पासून, वर भत्ते, नोकरी कायम. एमएसएफ म्हणजे २०१० च्या कायद्याने झालेल्या राज्याच्या सुरक्षा महामंडळाचं दल, तिथे जवान कंत्राटावर, त्यामुळे मुदतवाढीची टांगती तलवार आणि त्याच भीतीने माणूस तक्रार करत नाही, मला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

धोका दोन्हीकडे आहे पण वेगळा. मेट्रोत बॅग तपासताना हुज्जत, धक्काबुक्की, दिवसभर उभं राहून पाय सुजतात. आरपीएफला रात्री गाडीसोबत जायची एस्कॉर्ट ड्युटी, दारुडे, रुळांवरची गस्त, हातात बंदूक. ३१ जुलै २०२३ ला जयपूर–मुंबई गाडीत आरपीएफच्याच कॉन्स्टेबलने आपल्या वरिष्ठावर आणि तीन प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, चौघं गेले. तेव्हापासून मला वाटतं की अशा नोकरीत झोप, रजा आणि साहेबाशी मोकळं बोलता येणं ही पण सुरक्षाच आहे रे, आणि शिस्तीच्या दलात साहेबाला उलट बोलणं सोपं नसतं.

बदली? आरपीएफमध्ये देशात कुठेही, एमएसएफमध्ये राज्यातच.

वय हातात असेल, पळायची तयारी असेल, घरापासून लांब राहता येत असेल तर आरपीएफच. आई-वडील आजारी आहेत, लगेच पैसे हवेत तर एमएसएफ घे, पण करार नीट वाचून, आणि परीक्षेचा फॉर्म तरीही भर.