डेबियन १३ नेटइन्स्ट: इन्स्टॉलर झकास, एरर मेसेज मात्र दिशाभूल करणारे

डेबियन १३ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची (९ ऑगस्ट २०२५ ला आलेली, कर्नल म्हणजे गाभा ६.१२) नेटइन्स्ट आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची छोटी इमेज फाइल, एक जीबीच्याही आत बसते. तिच्यात बेस सिस्टिमपुरतं सामान असतं. डेस्कटॉप, ब्राउझर वगैरे इन्स्टॉल चालू असताना मिररवरून (डेबियनच्या फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) उतरतं. त्यामुळे घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा नेटवर्कपाशीच.

फर्मवेअरचं (कार्ड चालवायला लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) जुनं दुखणं मात्र मिटलंय. डेबियन ११ पर्यंत अधिकृत इमेजमध्ये नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेलं) फर्मवेअर नसायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या १२ पासून ते आतच येतं, आणि इंटेल-रियलटेकची बहुतेक नेटवर्क कार्डं मुकाट चालू होतात. अपवाद ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचा. त्यांतल्या काहींचं फर्मवेअर इतरांना वाटायची परवानगी नाही, म्हणून ते इमेजमध्ये नाही. आणि ते उतरवणारं पॅकेज स्वतःच नेट मागतं! अशा लॅपटॉपला केबल लावा, नाहीतर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग वापरा. इन्स्टॉलर त्याला साधं इथरनेट कार्ड समजतो. टेदरिंग उशिरा चालू केलंत तर मागे जाऊन नेटवर्क हार्डवेअर शोधण्याची पायरी पुन्हा चालवा.

डीएचसीपी (आयपी पत्ता आपोआप मिळण्याची सोय) फेल झाल्याचा मेसेज आला की लगेच हाताने आयपी भरायला बसू नका. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू असेल तर केबल जोडल्यावरही पोर्ट सुमारे ३० सेकंद पॅकेट पुढे सोडत नाही. लिंकचा दिवा लागलेला असतो, पण इन्स्टॉलरची विनंती राउटरपर्यंत पोचतच नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ निवडलं की अनेकदा काम होतं, कारण तोवर पोर्ट उघडलेला असतो.

सगळ्यात कमजोर बाजू म्हणजे मिररची एरर. डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणारी सेवा) बंद असो, प्रॉक्सी (मधल्या सर्व्हरचा पत्ता) चुकलेला असो, नाहीतर वायफायचं लॉगिन पान मध्ये आलेलं असो, इन्स्टॉलर खापर मिररवरच फोडतो. मग मिररची यादी पालथी घालण्यात तासभर जातो.

त्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा, एंटर मारा, शेल (कमांड टाइप करायची जागा) मिळतो. खरं तर या इन्स्टॉलरला चांगले गुण द्यायचे ते या शेलसाठीच. आधी ‘आयपी लिंक’ (ip link) कमांड द्या: कार्डापुढे ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर केबल किंवा पोर्ट तपासा, पुढचं सगळं नंतर. कार्डच यादीत नसेल तर ‘डीमेसेज’ (dmesg) कमांडच्या उत्तरात फर्मवेअरची ओळ शोधा. मग १.१.१.१ (ping 1.1.1.1) ला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा, त्यानंतर डेब.डेबियन.ऑर्ग (deb.debian.org) या नावाला. आकडा चालतो आणि नाव चालत नाही, तर दोष डीएनएसचा. काही ऑफिसांत पिंग अडवलेला असतो, म्हणून शेवटी ‘डब्ल्यूगेट’ (wget) कमांडने मिररचं पान उतरवून उघडून बघा. आत डेबियनऐवजी लॉगिन फॉर्म निघाला, तर गुन्हेगार सापडला. असं पान भरायला इन्स्टॉलरमध्ये ब्राउझर नाही, त्यामुळे तिथेही फोनच कामाला येतो. युजरनेम-पासवर्ड मागणारं एंटरप्राइझ वायफायही इन्स्टॉलरला जमत नाही. नेहमीचं एका पासवर्डचं वायफाय चालतं.

जुन्या मशिनवर आणखी एक फसवी गोष्ट. मदरबोर्डची बॅटरी संपलेली असली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. नेट व्यवस्थित असतं, पण मिररवरच्या रिलीज फाइलवरची (पॅकेज-याद्यांची नोंद असलेल्या फाइलवरची) तारीख भविष्यातली दिसते आणि एपीटी (पॅकेज उतरवणारं साधन) ती फाइल नाकारतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ४ वरच्या लॉगमध्ये ‘अजून वैध नाही’ अशा अर्थाची ओळ दिसेल. शेलमध्ये ‘डेट’ (date) कमांडने तारीख दुरुस्त करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ५ ने ग्राफिकल इन्स्टॉलरवर परत या (टेक्स्टवाला असेल तर एफ१) आणि अडलेली पायरी पुन्हा चालवा.

केबल असेल तर नेटइन्स्टच घ्या. हॉस्टेल किंवा हॉटेलच्या वायफायवर भिस्त असेल तर सरळ पहिली डीव्हीडी इमेज उतरवून न्या, डेस्कटॉप तिच्यातच येतो. नेटवर्कची पायरी तेव्हा बेलाशक वगळा. फक्त नंतर सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) मिरर आणि सिक्युरिटीच्या ओळी स्वतः घाला, नाहीतर अपडेट येणारच नाहीत.