चार्ट लावायचा की खाण्याची सवय बदलायची?

माझ्या वहिनीला मागच्या महिन्यात रिपोर्ट मिळाला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ६.१; म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन ७८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. तिच्यापुढे सध्या दोन सल्ले आहेत. एक, क्लिनिकमधला तीन महिन्यांचा डाएट चार्ट: पोळ्या मोजून, भात बंद, गोड बंद. दुसरा सल्ला असा की डाएट करूच नकोस, आपण जास्त का खातो ते आधी शोध आणि तिथे हात घाल. "तू दोन्ही करून बघितलंयस, मग सांग ना मला," असं ती म्हणाली.

मी चार्ट तीनदा लावला आणि तिन्ही वेळा उतरलेलं वजन व्याजासकट परत आलं. दुसऱ्या वाटेवर मी चार वर्षं आहे. तेव्हा माझा कल कुठे आहे ते उघड आहे. पण चार्टमध्ये जे चांगलं आहे तेही मी पाहिलंय, आणि वहिनीसारख्या बाईला काही बाबतीत त्याची गरज पडू शकते.

आधी एक जुना वाद बाजूला ठेवते

२०१८-१९ च्या सुमाराला आपल्याकडे घराघरांत एकच चर्चा होती: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, डॉ. श्रीकांत जिचकरांच्या विचारावर आधारलेलं: दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, रोज ४५ मिनिटं चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं: थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, घरचं, हंगामातलं, तूपभातासकट. एकाच घरात सासू एका गटात आणि सून दुसऱ्या, असंही मी पाहिलंय.

कुठला आहार चांगला, या प्रश्नाला २०१८ मध्येच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून एक उत्तर आलं होतं. ६०९ जणांचे दोन गट केले, एकाला कमी चरबीचं खाणं, दुसऱ्याला कमी पिष्टमय. वर्षाअखेर एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोने. म्हणजे जवळपास सारखंच. पण दोन्ही गटांत कुणाचं २५-३० किलो उतरलं होतं, तर कुणाचं चक्क वाढलं होतं. फरक गटांमध्ये नव्हता, माणसामाणसांत होता. आणि कॅलरी मोजायला त्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. भाज्या भरपूर खा, साखर-मैदा कमी करा, घरी शिजवा, एवढंच.

दीक्षितांच्या पद्धतीत पहिली पायरी होती, आपल्याला कडकडून भूक कोणत्या दोन वेळी लागते ते ओळखायची. दिवेकरही पोटाचं ऐकायला सांगतात. लोकांनी दोघांचेही आकडे तेवढे उचलले, दोन वेळा आणि दोन तास, आणि भुकेचं प्रकरण मागेच राहिलं. माझ्या मते खरी निवड तिथे आहे: कधी आणि किती खायचं हे बाहेरचा कागद ठरवणार की आतली भूक?

चार्ट काय देतो

पहिली गोष्ट, डोकं शांत होतं. काय खाऊ, किती खाऊ, हा दिवसभराचा घोळ संपतो. पहिल्या महिन्यात काटा खाली येतो आणि हुरूप वाढतो. आखीव कार्यक्रमाचा उपयोग होतो हे सिद्धही झालंय. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्दिष्ट होतं ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. वहिनीच्या हिशेबात ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. क्लिनिकवाले तिला १८ किलोचं स्वप्न दाखवताहेत, त्यापुढे हा आकडा लहान वाटेल, पण आरोग्यासाठी मोठा आहे.

त्या अभ्यासात लोकांना नुसता कागद दिला नव्हता, हे मात्र विसरू नये. एकेका माणसामागे एक मार्गदर्शक होता, अडलं की बोलायला. आपल्याकडच्या पॅकेजमध्ये व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि आठवड्याला वजनाचा फोटो मागतात.

तिसऱ्या महिन्यानंतर काय होतं ते मी तीनदा अनुभवलंय. मावसबहिणीच्या साखरपुड्यात एक गुलाबजाम खाल्ला. एकच. मनात आलं, झालं, मोडलं. आता सोमवारपासून परत. त्या दिवशी मी एकूण पाच गुलाबजाम खाल्ले, रात्री घरी येऊन वेफर्स खाल्ले, आणि तो सोमवार पुढचे पाच महिने आला नाही. तेव्हा वाटलं, माझ्यातच काही खोट आहे. बऱ्याच उशिरा कळलं की ही खोट १९७५ सालीच नोंदली गेली होती. अमेरिकेतल्या एका प्रयोगात मुलींना आधी मिल्कशेक दिलं, मग 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या नव्हे, तर नेमक्या खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम एकदा मोडला की मन म्हणतं, आता राहिलंच काय? आपल्या आज्या यालाच 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणायच्या.

शरीरही साथ देत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्यावर आणून खायला घातलं. त्यांचं वजन चौथाईने घटलं. पण लक्षात राहतं ते वेगळंच: ती मुलं दिवसरात्र जेवणाबद्दल बोलायची, ताटं चाटूनपुसून लख्ख करायची, काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. नंतर पोटभर मिळायला लागल्यावरही काहींना किती खाल्लं तरी समाधान होईना. आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं की दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच होती. वजन परत येतं तेव्हा 'मनच कच्चं आहे' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी वाट: आधी वही

डाएट नाही म्हणजे वाटेल ते खायचं, असा अर्थ नाही. सुरुवात दोन आठवड्यांच्या वहीने होते. काय खाल्लं, किती वाजता, त्या वेळी भूक दहापैकी किती, आणि त्याच्या आधी काय घडलं. खाणं बदलायचं नाही, फक्त लिहायचं.

माझ्या वहीत दुसऱ्याच दिवसापासून एक ओळ परत परत यायला लागली. संध्याकाळी पावणेसात. घराचं कुलूप उघडलं, पर्स खांद्यावरच, चपला काढल्यात, पंख्याचं बटणही दाबलेलं नाही, आणि मी ओट्यापाशी उभी राहून चिवड्याच्या डब्यात हात घालतेय. वाटी नाही, चमचा नाही. शेंगदाणे आणि डाळ्या बोटांनी वेचून खायच्या, मग तळाचं तिखट-मीठ. कुकर लावेपर्यंत हे चालायचं. जेवताना मी दोनच पोळ्या खायचे आणि 'मी काही फार खात नाही' हे मला मनापासून खरं वाटायचं.

याचंही कारण आहे. १९९८ मध्ये पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना जेवण दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा ताट पुढे ठेवलं. ते पुन्हा जेवले, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या ताटालाही हात घातला. पोट भरलंय की नाही, हे पोटाइतकंच आठवणीवर ठरतं. उभ्याने, फोन बघत, पातेल्यातून खाल्लेलं जेवण म्हणून लक्षातच राहत नाही. आपल्याकडे आया मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवतात, भाजीचा शेवटचा डाव 'कशाला ठेवायचा' म्हणून खातात. अन्न टाकायचं नाही हा संस्कार मला मान्य आहे, पण ते घास कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

दोन आठवड्यांनी माझ्या पावणेसातच्या खाण्याचे दोन तुकडे दिसले. एक साधी भूक: डबा साडेबाराला, मग सहा तास फक्त चहा. दुसरा थकवा: दिवसभरात ती दहाच मिनिटं अशी होती की माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं. चिवडा म्हणजे माझी सुट्टी होती. एकाच खाण्याची दोन कारणं, म्हणून उपायही दोन केले. पाच वाजता ऑफिसातच पोळीची गुंडाळी किंवा फुटाणे आणि केळं. घरी आल्यावर दार लावून दहा मिनिटं खिडकीत बसायचं, चहा घेऊन, कुणाशी न बोलता. घरच्यांना हे पचायला महिना गेला. चिवड्याचा डबा अजून तिथेच आहे. खायचा तर वाटीत घेऊन, बसून.

चौदा महिन्यांत माझे सहा किलो उतरले. गेली तीन वर्षं ते तसेच आहेत, एखाद-दीड किलो इकडेतिकडे. चार्टवर मी तीन महिन्यांत नऊ किलो घालवले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुमचं तुम्हीच बघा.

प्रत्येकाची वही वेगळी निघते. कुणाचं खाणं रागाचं, कुणाचं रात्री मुलं झोपल्यावरच्या एकटेपणाचं. कुणाचं निव्वळ समोर दिसतं म्हणून. या शेवटच्या प्रकारात मन उकरत बसू नका, सामान बदला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना महिनाभर तिथेच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं पॅकबंद खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं, हवं तेवढं खायची मुभा. पॅकबंद खाण्यावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. बिस्किटांचा पुडा घरात न आणणं सोपं आहे, रात्री अकरा वाजता तो न उघडणं अवघड.

जाता जाता: 'लहान ताट घ्या, आपोआप कमी खाल' हा सल्ला फार ऐकू येतो. ताट-वाट्यांच्या आकारावर गाजलेलं बरंच संशोधन ज्यांचं होतं त्या ब्रायन वॉन्सिंक यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना गैरवर्तनासाठी दोषी ठरवलं. लहान ताट घ्यायला हरकत नाही, त्यावर विसंबू नका.

या वाटेच्या उणिवा

भुकेकडे लक्ष देऊन खाण्याच्या पद्धतींवर जे अभ्यास झालेत, त्यांत खाण्याची धास्ती आणि अधाशीपणाचे झटके कमी होतात असं दिसतं. वजन मात्र बहुतेकांचं थोडंच उतरतं किंवा स्थिर राहतं. 'डाएटशिवाय २० किलो घटवा' अशी जाहिरात दिसली तर पुढे जा. शिवाय वेळ लागतो, आणि पहिले दोन महिने काटा हलतही नाही, तेव्हा कुणी शाबासकी देत नाही.

आग्रहाचं काय करायचं हेही वही सांगत नाही. आत्याने ताटात वाढलेली तिसरी पुरणपोळी नाकारणं अजून मला जमत नाही. एवढं शिकले की पहिल्यांदा वाढतानाच अर्धी मागायची, आणि वर दुसरी अर्धी आनंदाने घ्यायची. आत्याला आपण दोनदा घेतल्याचं समाधान.

मग कुणी काय करावं

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. तिथे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी आखलेला चार्टच हवा. ऑपरेशनच्या आधी अमुक वजन उतरवायचंय, यकृतावर चरबी आहे, अशी मुदतीची गरज असेल तरी चार्ट घ्या, पण तो संपल्यावर काय, हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबता येत नाही, नंतर लाज वाटते आणि हे आठवड्यातून एकदा तरी, महिनोन्‌महिने होतंय, तर दोन्ही वाटा थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात हा स्वतंत्र आजार मानला जातो आणि बोलण्याच्या उपचाराने तो पुष्कळ आटोक्यात येतो. अशा माणसाच्या हातात कडक चार्ट देणं मला धोक्याचं वाटतं.

२०२५ पासून आपल्याकडे वजनाची इंजेक्शनंही मिळू लागली आहेत. ती भुकेचा डोक्यातला गलका खरोखर कमी करतात. पण त्यांतलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवलेल्यांच्या अभ्यासात वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. वही तेव्हाही लागेलच.

आणि ज्यांचं वजन दोन-तीनदा उतरून चढलंय, तब्येतीला तातडी नाही, त्यांनी चौथा चार्ट लावू नये. हे मी कळकळीने सांगते.

वहिनीने चार्टचे पैसे अजून भरलेले नाहीत. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करायची, तोवर जेवणानंतर अर्धा तास चालायचं आणि वही लिहायची, हे तिच्या डॉक्टरांनाही पटलं. काल तिने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. शेवटची नोंद अशी: रात्री ११.२०, फ्रिजसमोर उभी, श्रीखंड, पातेल्यातूनच. भूक दहापैकी दोन. आधी काय झालं: 'ह्यांचा आजही फोन आला नाही.' दादाची बदली जूनमध्ये झाली. मी फोटो बघितला आणि आधी दादाला फोन लावला.