मेन बोर्डातला व्होल्टेज प्रोटेक्टर: उन्हाळा ते दिवाळी वापरून

आमचं घर मळ्यात, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लाइनीच्या अगदी शेवटाला. फ्रिजचं कार्ड दुसऱ्यांदा जळालं तेव्हा मीटरनंतर लगेच डिजिटल व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला. सिंगल फेज, ४० अँपिअरचा, समोर आकडा दाखवणारा.

आधी एक स्पष्ट करतो, हा स्टॅबिलायझर नाही. व्होल्टेज वाढवत नाही की कमी करत नाही. मर्यादेबाहेर गेलं की घराची लाइन तोडतो, ठीक झालं की थोडं थांबून जोडतो. मी खाली १७५ आणि वर २६५ लावलंय. पुन्हा जोडायची वेळ ३० सेकंद होती, ती १८० केली. कॉम्प्रेसरमधलं गॅसचं प्रेशर सम व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी लाइट आली तर तो उचलत नाही, नुसतं वाइंडिंग तापतं. फ्रिज असेल तर हे सेटिंग आधी बदला.

मला खरा उपयोग झाला तो आकड्याचा. २३० हवं तिथे पहाटे २३५ असतं, आणि शेतीपंपांची थ्री फेज आली की २१०, १९८, १८४ असं डोळ्यांदेखत उतरतं. मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तार लांब, बारीक, त्यामुळे सगळा मार शेवटच्या घराला. त्यात कित्येक मोटारींचे कपॅसिटर (मोटारीचा लाइनीवरून ओढला जाणारा करंट कमी करणारे) मेलेले किंवा काढून टाकलेले, म्हणजे करंट आणखी जास्त. शेजारच्या दोघा बागायतदारांना हे पटलं, त्यांनी नवे बसवले. तेव्हापासून आकडा १९० खाली क्वचितच जातो.

प्रत्येकाने स्टॅबिलायझर लावणं हा यावरचा इलाज नाही. तो आत २३० द्यायला बाहेरून जास्त करंट ओढतो, आणि लाइन अजून खाली बसते.

पावसाळ्यात मात्र वेगळंच झालं. संध्याकाळी प्रोटेक्टर सारखा पडायला, म्हणजे लाइन तोडायला लागला. आकडा २७८, मग २९०. त्याच वेळी काकांच्या घरात बल्ब लालसर. एकाकडे चढतंय आणि दुसऱ्याकडे उतरतंय, म्हणजे न्यूट्रलच (तिन्ही फेजची सामाईक परतीची तार) सुटतोय. वायरमनने सप्लाय बंद करून पाहिलं, तर डीपीजवळच्या जोडावर पांढरी भुकटी आणि क्लँप काळा ठिक्कर. न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज पार ४०० च्या आसपास जाऊ शकतं. आमच्याच फेजवरच्या पलीकडच्या घरात टीव्ही आणि वायफायचा अडॅप्टर गेला. आमच्याकडे चार्जरसुद्धा शाबूत.

उणिवा आहेतच. विजेच्या कडकडाटात येणारा झटका मायक्रोसेकंदांचा असतो, तोवर रिले (आतला लाइन तोडणारा स्विच) हलतही नाही. त्यासाठी वेगळा सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग लागतंच. रात्री पडला की पंखाही तीन मिनिटं बंद, लहान मूल असेल तर जाच होतो. आणि टर्मिनलचे स्क्रू महिन्या-दोन महिन्यांनी सप्लाय बंद करून आवळून घ्या. ढिले राहिले तर तिथेच तापतं.

घेण्याआधी एक तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. गिझर चालू ठेवून मीटरपाशी आणि गिझरच्या पॉइंटपाशी व्होल्टेज मोजायचं. मीटरला २२५ आणि पॉइंटला २०५ निघालं, तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा जोडाचा आहे, आणि तिथे या प्रोटेक्टरचा काही उपयोग नाही.