पाळी गेल्यानंतरचे इस्ट्राडायोल जेल : गुण खरा, पण वर्षानुवर्षे घ्यावे का?

पाळी कायमची गेल्यानंतर त्वचेवर लावायचे इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचाच एक प्रकार) जेल आणि त्याच्या जोडीला रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनची कॅप्सूल, या दोन्हींविषयीचा हा अभिप्राय आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षे हे औषध स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरत आहे. कंपनी कोणतीही असली तरी आतील औषध तेच असते, म्हणून कोणत्याही कंपनीचे नाव येथे घेत नाही.

गुणाबद्दल मला शंका नाही. अंगातून एकाएकी वाफा निघणे, रात्री घामाने उशी भिजणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, हे सारे काही आठवड्यांतच पुष्कळ कमी झाले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे बायका हा त्रास उन्हाळ्याचाच समजतात आणि वर्षानुवर्षे अंगावर काढतात. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळच्या थंडीतही मानेवरून घाम निथळू लागला तर तो ऋतूचा दोष नव्हे, एवढे तरी घरच्यांनी ओळखायला हवे. या औषधाने हाडांची झीजही मंदावते. तो लाभ औषध चालू असेपर्यंतच टिकतो, बंद केल्यावर हळूहळू ओसरतो.

फायदा शरीराला रोज जाणवतो, धोका मात्र जाणवत नाही. तो आकड्यांतूनच समजून घ्यावा लागतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा 16,608 स्त्रियांवरील, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन) एकत्र देण्याचा भाग 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवण्यात आला आणि जगभर या उपचारांची धास्ती बसली. त्यात दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे 8, पक्षाघाताचे 8, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे 8 आणि हृदयविकाराचे 7 रुग्ण अधिक आढळले. उलट खुब्याचे हाड मोडण्याचे 5 आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 6 रुग्ण कमी होते. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते आणि त्यांना घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जात होत्या. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीसाठी हे गणित बरेच वेगळे आणि अधिक अनुकूल ठरते. शिवाय त्वचेतून जाणारे औषध आधी यकृतातून जात नसल्यामुळे गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो, आणि जेलच्या बाजूने माझे मत पडण्याचे मुख्य कारण तेच आहे.

स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र जेल आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. 2019 मध्ये अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून मांडलेल्या हिशेबानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे दोन्ही हार्मोन रोज घेतल्यास पुढील काळ धरून 20 वर्षांत दर 50 स्त्रियांमागे एक रुग्ण वाढतो. केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास दर 200 मागे एक. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील आहेत आणि भारतात या कर्करोगाचे मूळ प्रमाण कमी आहे. तरीही आपल्याकडे गाठ फार उशिरा दाखवली जाते, म्हणून मला त्या कमी प्रमाणाचा दिलासा वाटत नाही.

विदर्भातील स्त्रियांनी आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तो आजार असलेल्यांत गुठळ्या होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. पूर्वी पायात गुठळी, पक्षाघात किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, यकृताचा आजार असेल, अथवा पाळी गेल्यानंतर कारण न कळता रक्त जात असेल, तर या औषधाला सहसा मनाई असते, निदान आधी तपासणी तरी हवीच. याउलट, ज्यांची गर्भपिशवी अंडाशयांसह चाळिशीच्या आतच काढली गेली त्यांच्याबाबत, अशी मनाई करणारा आजार नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा फायदा धोक्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो, आणि पिशवी नसल्याने त्यांना सहसा प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. अशा बायका प्रत्येक गावात आहेत. ऑपरेशननंतर त्यांना हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

वापरातील अडचणीही आहेत. तालुक्याच्या मेडिकलमध्ये जेल सहसा नसते, मागवून घ्यावे लागते. एका दुकानात तर जेल नाही म्हणून चिठ्ठीत नसलेल्या गोळ्या पुढे केल्या गेल्या. तो बदल कोणीही स्वीकारू नये. जेलमध्ये अल्कोहोल असल्यामुळे ते सुकेपर्यंत चुलीजवळ वा गॅसजवळ जाऊ नये, आणि लावलेली जागा झाकल्याशिवाय लहान मुलांना जवळ घेऊ नये. वेष्टनावर लिहिलेल्या तापमानापेक्षा आमचे टिनाचे घर उन्हाळ्यात कितीतरी अधिक तापते, त्यामुळे ते ठेवण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने झापड येते, म्हणून ती झोपतानाच घ्यावी. पिशवी असलेल्या स्त्रीने ती मधेच सोडली तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

त्रास मोठा असेल, वय साठीच्या आत असेल आणि डॉक्टर दरवर्षी नव्याने तपासून निर्णय घेणार असतील, तर हे औषध मी शिफारसपूर्वक सुचवीन. पासष्टीत केवळ हाडांसाठी ते प्रथमच सुरू करू नये. केवळ योनीच्या कोरडेपणाचा त्रास असल्यास तेथे लावायचे अल्प मात्रेचे क्रीम पुरते आणि ते रक्तात फारच थोडे जाते. मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीसाठी, मला नागपूरची वाट धरावी लागते. 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट असल्याने तो खर्च थोडा हलका झाला आहे, पण मजुरी बुडवून जाणाऱ्या बाईला तो दिवस परवडत नाही, आणि ज्या स्त्रीला ही तपासणी मिळणार नाही तिने अनेक वर्षे औषध चालू ठेवावे असे मी म्हणणार नाही. पुढच्या तपासणीत मात्रा कमी करून पाहण्याचे डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवले आहे.