क्रूझची खरेदी : ठाण्या-वाशीच्या बाजारातून काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

पहिल्या क्रूझचं बुकिंग झालं की घरात आधी विषय निघतो मोठ्या बॅगेचा. शनिवारी वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा ठाण्याच्या गोखले रोडवर चक्कर होते आणि चाकं फिरवून बघत बघत बजेटमधला अर्धा पैसा तिथेच संपतो. ही खरं तर सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर, मोठी बॅग सुरुवातीलाच ताब्यात जाते आणि तपासणी होऊन केबिनच्या दाराशी यायला बरेचदा संध्याकाळ उजाडते. मधले चार-पाच तास हातातल्या पिशवीवर काढायचे असतात. म्हणून आधी पिशवीचं बघू.

पंधरा-वीस लिटरची साधी कॉलेज सॅक पुरते, स्टेशन रोडवर ढिगाने मिळते. घेताना पट्टे नंतर, आधी चेन बघा. सॅक थोडी भरून चेन कोपऱ्यावरून चार वेळा फिरवा. तिथे अडखळली तर ती सॅक परत ठेवा, कारण टर्मिनलवर कागद काढायला ही चेन दहा वेळा उघडावी लागते. नाडीने ओढायच्या पातळ पिशव्या अजिबात नकोत. नाडी खांद्यात रुतते आणि तोंड कधीच पूर्ण बंद होत नाही. सॅकमध्ये सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, छापलेला बोर्डिंग पास, रोजची औषधं, चष्मा, दागिने, चार्जर, मुलांचा एक जोड आणि पोहण्याचे कपडे. शेवटच्या वस्तूला लोक हसतात, पण पहिल्या दुपारी निम्मी बोट जेवायला गेलेली असते आणि पूल रिकामा असतो. अशा वेळी स्विमसूट मोठ्या बॅगेत आणि मोठी बॅग कुठल्या तरी डेकवर, असं होऊ नये.

ओळखपत्रांचं थोडक्यात. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीप फेरीला आधार किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र मूळ स्वरूपात लागतं, लहान मुलांचंसुद्धा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझला पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा. बोट मलेशिया-थायलंडकडे जाऊन परत सिंगापूरलाच येते, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा होतो. अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, तोही दोन्ही वेळा भरायचा असतो. सिंगापूरमध्ये चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी, व्हेप सगळ्यांवर बंदी आहे, तेव्हा काकांच्या खिशातली पुडी घरीच काढून घ्या.

आता मोठ्या बॅगेला लावायचा टॅग. कंपनी ए-फोर कागदावर छापायला देते, त्यावर केबिन नंबर असतो. लोक तो स्टेपलरच्या एका पिनेने हँडलला अडकवतात आणि बॅगांच्या ढिगाऱ्यात तो फाटतो. टॅग गेला की बॅग केबिनला न जाता न ओळखलेल्या बॅगांच्या रांगेत जाऊन बसते. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या गल्ल्यांत किंवा कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाड पारदर्शक पाऊच मिळतो, तो उत्तम. नसेल तर कागदाच्या लांब पट्टीसारख्या घड्या घाला, केबिन नंबर वर येऊ द्या, दोन इंची पारदर्शक सेलोटेप पुढून-मागून पूर्ण चिकटवा, हँडलमधून फिरवून दोन्ही टोकांना दोन-दोन पिना मारा. पिनांवरून परत टेप. विमानाचे जुने स्टिकर काढून टाका. एक टॅग बॅगेच्या आतही, कपड्यांच्या वर ठेवा.

बॅग घ्यायचीच असेल तर २८ इंचीऐवजी २४ इंचीच्या दोन घ्या. केबिन लहान असते आणि रिकामी बॅग ठेवायला पलंगाखालची जागा एवढीच. कडक कवचाची मोठी बॅग पूर्ण उघडली की चालायला जमीन उरत नाही. कापडी बॅग एका बाजूने उघडते, दबते, खाली सरकते. दिसायला कमी, वापरायला जास्त.

सगळ्यात जास्त गोंधळ औषधाच्या दुकानात होतो. बोट लागू नये म्हणून गोळी मागितली की बरेचदा हातात पडते ओन्डॅनसेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन. उलटीची गोळी म्हणून दोन्ही चांगल्या, पण बोट लागण्यावर फारशा कामाच्या नाहीत. बोट लागते ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे : डोळा सांगतो भिंत स्थिर आहे, कान सांगतो जमीन हलते आहे. त्यावर चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या. अव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, स्टुजेरॉन म्हणजे सिनॅरिझिन. अव्होमिनने झोप जास्त येते, म्हणून ती रात्री झोपताना घेणं सोयीचं. स्टुजेरॉन त्या मानाने हलकी, बोट सुटण्याआधी दीड-दोन तास घेतात. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेण्यात अर्थ थोडाच, कारण तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर प्रोमेथाझिन आणि पार्किन्सन असेल तर सिनॅरिझिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन्हींवर दारू नको. लहान मुलांचा डोस डॉक्टरच ठरवतील, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. प्रवासाच्या आधीच्या एखाद्या रविवारी घरीच घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळतं.

आलेपाक आणि सुंठवडी जरूर घ्या, सौम्य मळमळीला आधार होतो. मनगटावरचे ॲक्युप्रेशरचे बटणवाले पट्टे मात्र ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांनीच घ्यावेत. आणि गोळीपेक्षा स्वस्त उपाय बुकिंगच्या वेळीच असतो : खालचा डेक आणि बोटीचा मध्यभाग. सी-सॉच्या मधल्या खिळ्याजवळ बसल्यासारखं. टोकाकडच्या आणि वरच्या केबिन जास्त हलतात, भाडं कितीही असो.

लोहचुंबकाचे हुक ही मात्र मन लावून शिफारस करावी अशी वस्तू. क्रूझच्या केबिनच्या भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात, त्यामुळे ओले कपडे, टोपी, सॅक सगळं भिंतीला टांगता येतं. पाकिटावर ‘१२ किलो’ लिहिलेलं वाचून फसू नका. तो आकडा हुक भिंतीपासून सरळ बाहेर ओढला तरचा. भिंतीवर वजन खाली ओढतं आणि तिथे हुकाला धरून ठेवतं ते फक्त घर्षण, म्हणून प्रत्यक्षात तिसरा हिस्साही मिळाला तर नशीब. घरी फ्रिजच्या दारावर लावून एक लिटरची भरलेली बाटली टांगा. घसरला तर मागच्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पातळ चकती चिकटवा, पकड वाढते. चार हुक पुरे. सक्शन कपवाले नकोत, रात्री दोनला ‘टप्प’ करून पडतात. आणि हे हुक केबिनचं दार उघडायच्या कार्डाजवळ ठेवू नका. काळी पट्टी असलेलं कार्ड चुंबकाने पुसलं जातं आणि मग नवं घ्यायला रिसेप्शनच्या रांगेत उभं राहावं लागतं. गळ्यात अडकवायचा कार्ड पाऊच घेतला तर तो बिनचुंबकी चेनचा बघा, आणि कार्डाला भोक स्वतः पाडू नका.

प्लग. बोटीवर बहुधा चपट्या दोन पिनांचा अमेरिकी आणि गोल दोन पिनांचा युरोपी सॉकेट असतो. आपला दोन पिनांचा मोबाइल चार्जर युरोपीमध्ये बसतो, लॅपटॉपचा तीन जाड पिनांचा बसत नाही. साधा कन्व्हर्जन प्लग आणि तीन-चार यूएसबीचा एक चार्जर, एवढंच घ्या. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा भाग) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊ नका, तो तपासणीत काढून ठेवतात. जहाजाची वीजजोडणी घरासारखी नसते, न्यूट्रल तारेला अर्थिंग केलेलं नसतं, त्यामुळे असा बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड आणि, इथे आज्जी नाराज होतात, निरांजन-अगरबत्ती यांचीही तीच गत. पूजेला छोटी बॅटरीची पणती चालून जाते. घरच्या लाडवांचा डबा अडवला जाण्याची शक्यता मोठी. दुकानातलं सीलबंद चिवड्याचं पाकीट सहसा सुटतं. जैन किंवा बिनकांद्याचं जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा.

चपला-बुटांत रबरी तळव्याचे सँडल घ्या. कोल्हापुरी फोटोला छान, पण ओल्या डेकवर चामड्याचा तळवा साबणासारखा घसरतो. रात्रीच्या मुख्य डायनिंगला पुरुषांसाठी लांब पँट आणि बंद बूट धरून चाला. नाट्यगृहात एसी जोरात असतो, एक शाल हवीच. पोहायला नायलॉनचेच कपडे, सुती टी-शर्ट पूलमध्ये उतरू देत नाहीत. सॅनिटायझरची मोठी बाटली दुकानातच राहू द्या. बोटीवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल नीट चालत नाही, साबण-पाणी चालतं. कागदी साबणाची डबी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

बोटीवर बहुतेक खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि त्याला आपलं बँकेचं कार्ड जोडतात. क्रेडिट कार्डच जोडा. डेबिट कार्डावर रक्कम अडकवली तर ती सुटायला काही दिवस जातात. किनारा मागे पडायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल तिकिटाशी स्पर्धा करतं.

बंदरात पोचायला बोर्डिंगची वेळ पाळा, लवकर जाऊन नुसती रांग मिळते. ठाण्याहून अकरानंतर लोकलची गर्दी ओसरते. सीएसएमटीला पी. डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पडून टॅक्सी करा, अंतर फारच थोडं. टॅक्सीवाले तेवढ्यासाठी नाकं मुरडतात, ते गृहीत धरा. रविवार असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघा, तो नेमका बोर्डिंगच्या तासांत असतो, हार्बरलाही. गाडीने ठाणे किंवा वाशीहून चेंबूरला ईस्टर्न फ्रीवे धरा. उलवे-पनवेलकरांना अटल सेतू, टोल भरायची तयारी असेल तर.

बोटीवर चढल्यावर सुरक्षा कवायत चुकवू नका. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि ती निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. पहिल्याच दिवशी केबिनपासून आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा चालत जाऊन या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, सहसा मध्यरात्रीच्या आत. इथे दर फेरीला कुणी ना कुणी फसतं : सगळे कपडे बॅगेत जातात आणि सकाळी अंगावर नाइट ड्रेस उरतो. सकाळचे कपडे, चप्पल, ओळखपत्रं, औषधं आणि दात घासायचं सामान सॅकमध्ये काढल्याशिवाय मोठ्या बॅगेला कुलूप लावू नका. टर्मिनलवर बॅगा टॅगच्या रंगाप्रमाणे लावलेल्या असतात. आपला रंग कोणता, त्याचा रात्रीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.