खेळत खेळत कोच व्हायचंय? टोशॅकची वाट आणि ह्युजची वाट

पस्तिशी जवळ आलेली, गुडघे अजून साथ देतायत, आणि क्लबचे सेक्रेटरी म्हणतात, "यंदा टीम तूच सांभाळ, पण खेळायचं सोडू नकोस हं." असा प्रस्ताव ज्यांच्यापुढे आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्यापुढेही तो आला होता. हो म्हणण्याआधी मी वेल्सच्या दोन फॉरवर्डच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एक जॉन टोशॅक, दुसरा मार्क ह्युज. दोघेही खेळाडू असतानाच कोच झाले. टोशॅक ज्या संघाचा मॅनेजर झाला त्याच संघात खेळतही राहिला. ह्युज खेळत राहिला क्लबकडून आणि कोच झाला वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा.

खेळाडू म्हणून दोघं किती मोठे होते ते इथे उगाळत नाही. लिव्हरपूलमधली टोशॅक आणि केव्हिन कीगनची जोडी किंवा 1991 मध्ये रॉटरडॅमला बार्सिलोनाविरुद्ध मँचेस्टर युनायटेडकडून ह्युजने मारलेले दोन गोल तुम्हाला ठाऊक असणारच. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

आधी टोशॅक. मार्च 1978 मध्ये तो लिव्हरपूल सोडून वेल्समधल्या स्वान्सी क्लबात खेळाडू-मॅनेजर म्हणून आला तेव्हा 28 वर्षांचा होता आणि संघ इंग्लिश लीगच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये होता. पुढचा हिशेब असा, की वाचताना आजही विश्वास बसत नाही. 1978 ला बढती, 1979 ला बढती, 1981 ला पुन्हा बढती, आणि संघ थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये. तिथल्या पहिल्याच सामन्यात, ऑगस्ट 1981 मध्ये, त्यांनी घरच्या व्हेच फील्डवर लीड्सला 5-1 ने धुतलं. त्या मोसमात स्वान्सी सहाव्या क्रमांकावर राहिली. लिव्हरपूलमधून इयन कॅलहन, टॉमी स्मिथ असे जुने सोबती त्याने बोलावून घेतले. पण पायाभरणी आधीच झालेली होती. ॲलन कर्टिस, रॉबी जेम्स, जेरेमी चार्ल्स ही घरचीच पोरं. त्यांना घडवणारे आधीचे मॅनेजर हॅरी ग्रिफिथ्स टोशॅक आल्यावर सहायक म्हणून मागे सरले आणि पहिली बढती हाताशी आलेली असताना, एप्रिल 1978 मध्ये, सामन्याच्या आधी मैदानावरच हृदयविकाराने गेले. टोशॅकची गोष्ट सांगताना हे नाव बऱ्याचदा गळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता 1979 चा मे महिना. चेस्टरफिल्डविरुद्धचा सामना जिंकला तर बढती. मॅनेजर टोशॅक बेंचवरून उठतो, स्वतःलाच बदली खेळाडू म्हणून उतरवतो आणि हेडर मारून सामना जिंकून देतो. ज्याला खेळत खेळत कोच व्हायचंय त्याच्या डोळ्यांसमोर हेच चित्र असतं. माझ्याही होतं.

ह्युजची सुरुवात याच्या अगदी उलट आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी. 1999 मध्ये आधीचे मॅनेजर बॉबी गूल्ड यांनी पद सोडल्यावर आधी हंगामी म्हणून, मग पूर्ण जबाबदारीने तो वेल्सचा मॅनेजर झाला. खेळाडू म्हणून त्याचे 72 आंतरराष्ट्रीय सामने तिथेच थांबले. क्लबकडून मात्र तो 2002 पर्यंत खेळत होता: साउदम्प्टन, मग एव्हर्टन, मग ब्लॅकबर्न. म्हणजे क्लबात हाताखालचा खेळाडू आणि राष्ट्रीय संघात साहेब. सुरुवातीला निकाल काही खास नव्हते. 2002 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दहा सामन्यांत एकच विजय, तोही शेवटी शेवटी, बेलारूसवर. बरोबऱ्या सहा! आपल्याकडे कुठल्याही क्लबच्या कमिटीने एवढी कळ काढली नसती.

त्याने जे बदललं ते स्कोअरबोर्डवर दिसणारं नव्हतं. प्रवास, हॉटेल, सराव, वैद्यकीय पथक, सगळ्यातला ढिसाळपणा त्याने काढला. क्लबात जशी वागणूक मिळते तशीच देशाकडून खेळतानाही मिळाली पाहिजे, हा आग्रह. हे त्याला का सुचलं असेल? माझा अंदाज असा, की तो स्वतः रोज सकाळी कुणाच्या तरी हाताखाली सराव करत होता. खेळाडूला कशाचा त्रास होतो हे त्याला आठवावं लागत नव्हतं. 2002 मध्ये, 38 व्या वर्षी, त्याने ब्लॅकबर्नकडून लीग कपची फायनल खेळली आणि जिंकली. ती झाली कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मैदानाच्या कडेला उभं राहून त्याने इटलीला 2-1 ने हरवलं. गोल सायमन डेव्हिस आणि क्रेग बेलामी यांचे. युरो 2004 मात्र थोडक्यात हुकला. प्लेऑफमध्ये मॉस्कोला 0-0 आणि कार्डिफला रशियाकडून 0-1.

नुसती ट्रॉफ्यांची बेरीज केली तर टोशॅक पुढे, यात वाद नाही. स्वान्सीनंतर रेआल सोसिएदादबरोबर 1987 चा स्पॅनिश कप, रेआल माद्रिदबरोबर 1989-90 ची लीग आणि त्या मोसमात 107 गोल. पुढे तुर्की, मोरोक्को, इराणपर्यंत मजल. ह्युजला मॅनेजर म्हणून मोठी ट्रॉफी मिळाली नाही. ब्लॅकबर्नला सहावा क्रमांक, स्टोकला सलग तीनदा नववा, आणि मँचेस्टर सिटीत तर डिसेंबर 2009 मध्ये संडरलँडला 4-3 ने हरवल्यावर त्याच दिवशी नारळ. तरीही माझं मन ह्युजच्या वाटेकडे झुकलं, आणि त्याचं कारण एकच कटकट.

ती कटकट अशी: तुम्हाला बाहेर कोण काढणार?

संघ निवडताना स्वतःचं नाव लिहिणं अवघड जाईल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते सोपं असतं. लोक थट्टा करतात, दोन दिवसांत विसरतात. खरी पंचाईत साठाव्या मिनिटानंतर सुरू होते. आमच्या जिल्हा लीगमध्ये मी काही काळ टोशॅकच्या पद्धतीने खेळलो आणि कोचिंगही केलं. पाय जड झालेत हे मैदानावरच्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. बेंचवरच्या पोरांना ते आधी दिसतं, पण बोलणार कोण? पुढच्या रविवारची लाइनअप मीच लावणार असतो. म्हणून सगळे गप्प. ज्या मुलाला उतरवायला हवं तो टचलाइनवर वॉर्मअप करत राहतो, माझ्याकडे बघतो आणि मी नेमका त्याच वेळी थ्रो-इनसाठी ओरडत असतो. शिवाय डिफेन्सची ओळ किती खाली सरकलीय हे पुढे खेळणाऱ्याला पाठीमागे दिसत नाही. हाफटाइमला सांगण्यासारखं माझ्याकडे असायचं ते फक्त माझ्या आसपासच्या दहा यार्डांतलं.

एकदा हे लक्षात आलं की टोशॅकची गोष्टही वेगळी दिसायला लागते. पहिल्या डिव्हिजनमध्ये गेल्यावर त्याने केलेली सगळ्यात शहाणपणाची खरेदी कोणती? बॉब लॅचफर्ड. सेंटर फॉरवर्ड, म्हणजे स्वतःच्याच जागेवरचा माणूस. लीड्सविरुद्धच्या त्या 5-1 मध्ये लॅचफर्डची हॅटट्रिक होती. चेस्टरफिल्डचं हेडर सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण संघ वर टिकावा म्हणून त्याला आपली जर्सी दुसऱ्याला द्यावी लागली. आणखी एक प्रसंग: लिव्हरपूलचे जुने मॅनेजर बिल शँक्ली वारल्यावर काही दिवसांतच, ऑक्टोबर 1981 मध्ये, स्वान्सीचा संघ लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर गेला. मौन पाळताना टोशॅकने ट्रॅकसूटचा वरचा भाग काढला, आत लिव्हरपूलची जर्सी होती. माणूस म्हणून मला ते फार आवडतं. पण तेव्हा स्वान्सीच्या ड्रेसिंग रूममधल्या एखाद्या पोराला काय वाटलं असेल, हाही विचार येतोच.

ह्युजच्या वाटेत हा प्रश्न जन्मालाच येत नाही. क्लबात त्याला बाहेर काढायला दुसरा मॅनेजर होता, ब्लॅकबर्नला ग्रॅम सूनेस. वेल्सच्या सामन्यात तो कोट घालून बाहेर. मीही पुढे तेच केलं. खेळायचं आपल्या जुन्या सीनियर संघात, साध्या खेळाडूसारखं, दुसऱ्याच्या शिव्या खात. कोचिंग मात्र क्लबच्या अंडर-17 चं. रविवारी सकाळी पोरांवर ओरडायचं आणि संध्याकाळी आपल्यावर कुणीतरी ओरडायचं, हा उतारा फार गुणकारी आहे. पोरांना काय ऐकू येतं आणि काय नाही, हे त्यातून कळत गेलं.

या बाजूलाही खाचखळगे आहेत. दोन घोड्यांवर बसणं सगळ्यांना जमतंच असं नाही. खुद्द टोशॅकने 1994 मध्ये रेआल सोसिएदाद सांभाळून वेल्सचं कामही घेतलं होतं. नॉर्वेकडून 1-3 अशी एक हार आणि 47 दिवसांत राजीनामा. (2004 मध्ये ह्युज मॅनेजर म्हणून ब्लॅकबर्नला गेल्यावर तो परत आला आणि 2006 मध्ये सोळा वर्षांच्या गॅरेथ बेलला त्यानेच पदार्पण दिलं, पण तेव्हा त्याच्याकडे दुसरा संघ नव्हता.) वेळ दोन्हीकडे वाटला जातो, घरचे वैतागतात. आणि संघ आपल्या रोजच्या हातात नसला की काही गोष्टी घडायला फार वेळ लागतो. त्या सहा बरोबऱ्या आठवा.

तिसरी वाटही आहे, बेलामीची. आधी खेळणं पूर्ण थांबवायचं, मग कार्डिफची पोरं, अँडरलेख्टचा ज्युनियर संघ, बर्नलीत व्हिन्सेंट कोंपनीचा सहायक, असं पायरीपायरीने वर यायचं आणि 2024 मध्ये वेल्सचा मुख्य कोच व्हायचं. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी सरळ ती धरावी. हा लेख ज्यांचे गेले नाहीत त्यांच्यासाठी.

तुमच्या गावात एकच संघ असेल, आणि गोल मारणारा दुसरा कुणी नसेल, तर टोशॅकच्या वाटेला पर्याय नाही, मला मान्य आहे. मग निदान एक करा. बेंचवर असा माणूस बसवा ज्याची जागा तुमच्या हातात नाही. संघाचा जुना गोलकीपर चालेल, एखादे निवृत्त पीटी सर चालतील. बदलाची पाटी त्यांच्याकडे द्या. त्यांनी तुमचा नंबर वर केला की वाद न घालता बाहेर यायचं, हे मोसम सुरू होण्याआधी सगळ्या संघासमोर सांगून टाका. सेक्रेटरींनाही सांगा. नाहीतर पहिल्याच पराभवानंतर ते त्या सरांनाच जाब विचारतील.